बंद फ्रीजपुढची बैठक

बंद पडलेल्या फ्रीजला सर लगेच हात लावत नसत. आधी त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसत. घरच्यांनी खुर्ची पुढे केली, तर म्हणत, "कॉम्प्रेसर खाली हाय, मी वर बसून काय करू?" मग चहा येई. तो बशीत ओतून, फुंकर घालून सावकाश संपवीत आणि बशी बाजूला सारून चौकशीला सुरुवात करीत.

"शेवटचा गार कवा होता?"

"सोमवारी होता, सर."

"सोमवारी भाजी काय केलती?"

"आता भाजीचा काय संबंध?"

"संबंध मी बघतो. तुमी भाजी सांगा."

भाजी आठवता आठवता त्या बाईंना आठवे की सोमवारी नणंद आली होती, म्हणून वांगी भरली होती, म्हणून वाटणाला मिक्सर लावला होता, आणि मिक्सरसाठी फ्रीजची पिन काढून ती पलीकडच्या सैल बोर्डात खोचली होती. सर पिन जागेवर लावत. फ्रीज सुरू होई. बाई खजील होऊन पुन्हा चहा टाकत. हे नेहमी असंच होई असं मात्र नाही. पुष्कळदा भाजीतून काहीच निघत नसे. तरी पुढच्या घरी गेले की सर पुन्हा भाजीपासूनच सुरुवात करीत.

सर गेले त्याला आता महिना होत आला. निवृत्तीनंतर ते साताऱ्यात मुलाकडे राहत होते. सकाळी चहा घेतला, वर्तमानपत्र उघडलं आणि खुर्चीत तसेच मागे टेकले. शोकसभेत त्यांच्या इतिहासावरच्या प्रेमाबद्दल पुष्कळ बोललं गेलं आणि ते खरंही होतं. मलाही बोलायला उठवलं होतं. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले, कारण डोळ्यांसमोर येत होते ते फ्रीजपुढे बसलेले सर, आणि शोकसभेत ते कसं सांगावं ते सुचेना. म्हणून हे लिहायला घेतलं. रोज थोडं थोडं लिहिते आहे.

आमच्या हायस्कूलला सर इतिहास शिकवीत. मी तिथं मराठी शिकवते आणि ग्रंथालयही बघते. त्यांचं मूळ गाव वडूजच्या बाजूला. थोरले बंधू फौजेतून परतल्यावर त्यांनी साताऱ्यात फ्रीज दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. सर प्रत्येक सुट्टीत त्या दुकानात बसत, आणि तिथून हा नाद त्यांना लागला. पैसे ते कुणाकडूनही घेत नसत. वर्गात त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी असे. फ्रीजपुढे बसले की मात्र थेट खटाव तालुका सुरू होई. मी एकदा त्यांना याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बाई, वर्गात मला उत्तर माहीत असतं. इथं न्हाई. माहीत नसताना शुद्ध बोलता येत न्हाई मला."

त्यांच्याकडे हत्यारं बेताचीच होती. दोन पाने, एक पेचकस, एक टेस्टर आणि ताक घुसळायची लाकडी रवी. रवीचा दांडा कानाला आणि फूल कॉम्प्रेसरला लावून ते डोळे मिटून ऐकत. ही रवी घरातली, रोजच्या वापरातली. त्यामुळे रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलं की वहिनींची हाक ऐकू येई, "रवी घिऊन गेलं वाटतं! आता ताक काय हातानं घुसळू?"

दुसरा शिरस्ता असा, की फ्रीज उघडायच्या आधी तो रिकामा करायचा आणि आत जे शिळंपाकं असेल ते सरांना वाढायचं. कालची आमटी, अर्धी पोळी, आंबट झालेलं श्रीखंड, काहीही. ते आवडीनं खात. "हाच खरा पुरावा," असं त्यांचं म्हणणं. यातून त्यांना घरोघरची कितीतरी माहिती होत असणार, पण ती त्यांनी कधी बाहेर काढली नाही. आमचे त्या वेळचे हेडसर फार कडक होते. त्यांच्याकडे फ्रीज पाहून आल्यावर स्टाफरूममध्ये सगळे सरांच्या मागे लागले, "सांगा की सर, काय होतं आत?" सर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "थंडी होती." पुढे कितीतरी वर्षांनी, हेडसरांच्या पत्नी वारल्यावर, खुद्द हेडसरांनीच मला सांगितलं की त्या फ्रीजमध्ये रोज एक गजरा ओल्या फडक्यात गुंडाळलेला असे.

सरांची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यांना चुकायला आवडे. निदान चुकलं की ते मांडीवर थाप मारून ओरडत, "चुकलो!" आणि त्यांचा चेहरा असा उजळे, की नवख्या माणसाला वाटावं, यांना काहीतरी सापडलं. महाबळेश्वरची हकिकत तर ते स्वतःच रंगवून सांगत. ऐन पावसात ते तिथं लेकीकडे गेले होते. फ्रीज बंद. कॉम्प्रेसर सुरूच होईना. सरांनी आधी रिले बदलला. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला उठताना धक्का देणारा लहानसा डबा. मग थर्मोस्टॅट खोलला, मग वायरिंग उपसलं. बाहेर पाऊस, धुकं, आणि घरात सर स्वेटर घालून फ्रीजमागे आडवे झालेले. शेवटी जावयानं भीत भीत विचारलं, "मामा, खोलीच इतकी गार आहे, तर त्याला चालू व्हायची गरज तरी वाटेल का?" सर उठून बसले. फ्रीजला काहीही झालेलं नव्हतं. आतलं गार ते गारच होतं, म्हणून तो गप्प होता. "जावयानं हरवलं मला," हे सांगताना ते डोळ्यांत पाणी येईतो हसत.

आमच्या घरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

आम्ही कुंडलजवळ मळ्यात राहतो. मी, माझी मुलगी, सासरे अण्णा आणि सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. माझे यजमान सैन्यात आहेत, ते तेव्हा दूर सीमेवर होते. मुलगी दुसरीत असताना तिला साखरेचा आजार निघाला. मोठ्या माणसांना होतो तसा नव्हे; लहान मुलांचा, ज्याला रोज इन्सुलिन टोचावंच लागतं. इन्सुलिन गार ठेवावं लागतं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमचा फ्रीज थंड करेनासा झाला आणि एक बाटली उष्म्यानं बाद झाली. बाहेरून ती अगदी नेहमीसारखी दिसत होती. आम्ही मापानं इंजेक्शन देत होतो आणि तिची साखर चढतच होती. सांगलीच्या दवाखान्यात तिला ठेवावं लागलं. तिथं तिच्या उशाशी बसल्या बसल्या मी ठरवलं, की फ्रीज नीट झाला नाही तर हिला घेऊन सांगलीत खोली करून राहायचं. घरी आल्यावर मी तसं सांगितलं. आत्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. आजोबा आणि नात यांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

नव्या बाटल्या गावातल्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, पण त्याचं दुकान दुपारी बंद, रविवारी बंद, आणि लग्नसराईत केव्हाही बंद. आमच्या फ्रीजला दोन मिस्त्री येऊन गेले होते. एक म्हणाला गॅस संपलाय, दुसरा म्हणाला कॉम्प्रेसर बसलाय, नवाच घ्या. अण्णा नवा घ्यायलाही तयार होते. मी सरांना स्टाफरूममध्ये सगळं सांगितलं. त्यांनी त्या दिवशी भाजी विचारली नाही. "रविवारी येतो," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी ते आले ते खिशात रिले घेऊनच. "रिलेच असणार. तुमी आवाज सांगितला तवाच वळखलं मी."

आवाज असा होता, की पिन लावली की मागून 'घुं' असं काहीतरी सुरू व्हायचं, दिवा मंद व्हायचा, आणि थोड्या वेळानं 'टक्' होऊन सगळं शांत. सर बसले, चहा झाला, रिले बदलून झाला. पिन लावली. घुं. टक्.

"चुकलो!" सरांनी मांडीवर थाप मारली.

आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आनंद कसला झालाय ह्यास्नी?"

सरांनी रवी लावून पुन्हा ऐकलं. मग ते मान वळवून फ्रीजशेजारच्या स्टॅबिलायझरकडे पाहत राहिले. आमच्याकडे विजेच्या प्रत्येक वस्तूला आत्यांनी क्रोशाचं झाकण विणलेलं आहे. टीव्हीला, मिक्सरला, स्टॅबिलायझरलाही, आणि त्याला तर खाली लोंबणारे गोंडे.

"आत्या, हे उचलू का?"

"उचला की. पर मळवू नका."

झाकणाखाली स्टॅबिलायझरची, विजेचा दाब दाखवणारी तबकडी होती. काटा अगदी तळाला टेकलेला.

"मोडलाय काय काटा?"

"कुणी बघितलंय!" आत्या म्हणाल्या. "झाकलेला असतोय की."

सर अण्णांकडे वळले. "अण्णा, ह्या आठवड्यात मोटरीची लाइट कवा असती?"

"रातची."

"म्हंजे आत्ता घरापुरती. सिंगल फेज."

"व्हय."

"मग मोटरी बंद असणार सगळ्या."

"बंदच की."

सर हात धुवायला बाहेर गेले ते आत आलेच नाहीत. मी पाहायला गेले, तर ते उसाच्या कडेला उभे होते. तिथून आमचा पाट जातो. पाटातून पाणी झुळझुळ वाहत होतं आणि सरीत शिरत होतं. अण्णाही माझ्यामागून आले होते.

"अण्णा," सर अगदी हळू म्हणाले, "मोटरी बंद हाईत म्हणता. मग पाटाला पाणी कुठनं आलं?"

अण्णांनी पटका काढून हातात घेतला.

शेतातल्या मोटरीला तीन तारांची वीज लागते, म्हणजे थ्री फेज. ती काही तासच असते, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. बाकीच्या वेळी वस्तीवरच्या घरांसाठी एका तारेची वीज चालू असते. पण विहिरीवर एक कपॅसिटरचा डबा जोडला, की त्या एका तारेवरही मोटर ओढते, आणि घरांच्या विजेचा दाब उतरतो. तसं करायला परवानगी नाही, म्हणून जो करतो तो बोलत नाही. आणि उन्हाळ्यात ऊस डोळ्यांदेखत सुकायला लागला, की करतो.

"एका मोटरीनं असा काय फरक पडणार, मास्तर?" शेवटी अण्णा म्हणाले.

"बघू की. बंद करून या."

अण्णा विहिरीवर गेले, मोटर थांबली. काटा थोडासा वर सरकला. पिन लावली. घुं. टक्.

"बसलेल्या माणसाला उठायलाच जोर लागतो बघा," सर म्हणाले. "एकदा चालाय लागला की तेवढा लागत न्हाई. ह्याला उठायपुरता जोरच मिळंना. अण्णा, तुमी एकटं न्हाई ह्यात."

आमच्या डीपीवर, म्हणजे त्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, आजूबाजूचे बरेच मळे आहेत. सर अण्णांना घेऊन बांधाबांधानं निघाले. मीही मागे गेले. मला वाटलं, आता भांडणं होणार. पण सरांनी मोटरीचं नावच काढलं नाही. प्रत्येक घरापुढे उभं राहून ते एकच विचारत, "तुमचा फ्रीज गार करतोय का?"

"कशाचा गार! कवाचा बंद पडलाय."

"आमी तर त्यात कांदं ठेवल्यात, मास्तर."

एका घरी सुनेनं लाजत दार उघडून दाखवलं. आत साड्या घड्या घालून ठेवलेल्या. "कपाटासारखा हाय न्हवं, म्हटलं वापरावा."

आणि प्रत्येकाच्या पाटाला पाणी होतं.

सगळ्यांना सरांनी डीपीखालच्या बाभळीजवळ गोळा केलं. माणसं एकमेकांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघायला लागली. मग एक म्हातारा म्हणाला, "आयला, मला वाटलं, मी एकटाच करतोय."

"मलाबी तसंच," दुसरा म्हणाला, आणि तिघे-चौघे हसले. हसला नाही तो कोपऱ्यावरच्या मळ्यातला एक तरुण. त्यानं त्याच वर्षी उसाची नवी लागण केली होती.

"फ्रीजसाठी ऊस वाळवू काय मी? कोंब कवळं हाईत माझं. गार पाणी पाहिजे तर माठ ठेवा की दारात!"

बोलणं तिथंच अडलं. मला वाटलं, आता सर सांगतील. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण सर बाभळीच्या बुंध्याशी मांडी घालून बसले होते आणि काडीनं माती उकरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा फक्त अण्णांकडे पाहिलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मुलीचा आजार अण्णांनी वस्तीवर कुणालाही कळू दिला नव्हता. दवाखान्यात होतो तेव्हा 'मामाच्या गावाला गेल्यात' असं त्यांनी सांगितलं होतं. पोरीची जात, उद्या लग्नाचं बघायचं, लोक काय काय बोलतील, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मलाही त्यांनी तशी शपथ घातली होती.

अण्णांनी पटका डोक्याला गुंडाळला आणि ते पुढे झाले.

"माझ्या नातीला साखर हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "रोज सुई टोचावी लागती. ते औषध गार न्हाई ऱ्हायलं तर बाद व्हतंय. मागं झालं तसं, तवा लय वाईट दिवस काढलं आमी. फ्रीज न्हाई चालला, तर सूनबाई तिला घिऊन सांगलीला जाणार. जावंच लागंल. माझाबी ऊस वाळतोय. वाळू दे."

साड्यांचा फ्रीज असलेल्या घरातल्या म्हाताऱ्या आजी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"आरं मुडद्या, मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय? माझ्या भावाच्या नातवालाबी तेच हाय. पोरगं कबड्डी खेळतंय तिकडं! आणि तू लपवत बसलायस?"

अण्णांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत ते मला कळेना. बहुतेक दोन्ही असावं.

तो तरुण कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं त्याच्या विहिरीकडची घरघर थांबली तेव्हा कळलं. मग एकेक जण उठला. एकेक मोटर बंद होत गेली, आणि अख्ख्या शिवारात इतकी शांतता झाली की पलीकडच्या मळ्यातलं रेडकू ओरडलेलं ऐकू आलं. एकानं सरांना विचारलं, "मास्तर, आता पुढचं कसं ठरवायचं?"

"तुमचं तुमी ठरवा," सर कपड्यांवरची माती झटकत म्हणाले. "मला फ्रीज बघू द्या."

आम्ही घरी आलो तेव्हा निम्मी वस्ती आमच्या मागोमाग आली. सरांनी लगेच पिन लावू दिली नाही. सारखा उठून उठून कॉम्प्रेसर तापला होता, त्याला निवू द्यायचं होतं. सगळे जमिनीवर बसले, बायका दारात उभ्या राहिल्या. आत्यांनी चहाचं मोठं पातेलं चढवलं. स्टॅबिलायझर उघडाच होता आणि काटा वर चढलेला होता. माझी मुलगी सरांच्या मांडीला मांडी लावून बसली. शेवटी सरांनी रवीचा दांडा तिच्या कानाला लावला आणि मला खूण केली. मी पिन लावली.

घुं.

मी त्या 'टक्'ची वाट बघत होते. तो आला नाही. आवाज एकदा थरथरला, मग खाली उतरला आणि एकसुरी वाहू लागला.

"काय म्हणतोय गं?" सरांनी विचारलं.

"चालतोय," मुलगी म्हणाली.

अण्णा उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धूत बराच वेळ उभे राहिले. आत सगळे एकदम बोलायला लागले होते. ज्याच्या त्याच्या फ्रीजची चौकशी, कांदे आता कुठं ठेवायचे, साड्या कुठं. सरांनी आमच्या फ्रीजचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

"आवं, ह्यात तर काईच न्हाई. मग मी खाऊ काय?"

आत्यांनी त्यांना ताजी भाकरी आणि झुणका वाढला. ताज्या जेवणाला ते जरा नाखूषच दिसले, पण जेवले.

त्या उन्हाळ्यात मोटरीची वीज नसताना मोटर लावायची नाही असं वस्तीनं आपणहून ठरवलं आणि बऱ्यापैकी पाळलं. अण्णांच्या उसाचा कडेचा पट्टा पिवळा पडला. त्या तरुणाचे काही कोंब गेले. त्यानं ते आम्हाला कधी ऐकवलं नाही. मुलगी आता मोठी झाली आहे, स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते, तेही सगळ्यांसमोर.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी डबा भरत होते आणि सरांचा फोन आला. मी घाईघाईनं अहवाल द्यायला लागले, की बर्फ धरलाय, काटा जागेवर आहे, मेडिकलवाल्याला घरून बोलावून बाटल्या आणून आत ठेवल्यात.

"ते ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले. "तुमी झोपला का?"

दवाखान्यातून आल्यापासून मी रात्री पुन्हा पुन्हा उठून मुलीच्या कपाळाला हात लावून बघत होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री मात्र अंथरुणाला पाठ टेकली ती थेट दुधाच्या वेळेला, आत्यांच्या हाकेनं जाग आली.

"झोपले, सर," मी म्हटलं.

"मग झालं," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.